पटावर नसलेली मुले

१८२४ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने मुंबई इलाख्यातल्या कलेक्टरांना प्रश्न पाठवले. तुमच्या मुलखात शाळा किती, मुले किती, पंतोजीला काय मिळते, काय शिकवतात, शाळा भरते कुठे? दक्षिण कोकणची कचेरी तेव्हा बाणकोटहून रत्नागिरीला येऊन फार दिवस झाले नव्हते. कलेक्टर मामलेदाराला विचारणार, मामलेदार कुळकर्ण्याला आणि खोताला, आणि कुळकर्णी आपल्या अंदाजाने आकडा लिहून देणार. एवढ्या हातांतून आलेली ती उत्तरे दप्तरात बांधली गेली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. १८२९ मध्ये याच विषयावर पुन्हा माहिती जमवली गेली, तीही दप्तरात गेली.

ती बाहेर काढून, नीट लावून छापली रा. वि. परुळेकरांनी. मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळांचा कारभार पाहिलेला हा माणूस. रोज हजेरीपट, बाके आणि शिक्षकांच्या बदल्या यांत वावरलेला. मला वाटते, म्हणूनच त्यांना या जुन्या तक्त्यांत काय शोधायचे ते कळले. दप्तरखान्यात बसणाऱ्या इतिहासकाराने आकडा पाहिला असता. परुळेकरांनी आकडा कुणी भरला ते पाहिले.

•

सबंध मुंबई इलाख्यासाठी १८२९ चा हिशेब असा : सुमारे १,७०० शाळा, सुमारे ३५,००० विद्यार्थी, लोकसंख्या पावणेसत्तेचाळीस लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण १३० माणसांमागे शाळेत जाणारा एक मुलगा. मुलगाच, मुलगी नाही. आणि तो मुलगाही ठरावीक घरांतला.

शाळेला स्वतःची इमारत नसे. देऊळ, एखाद्याची पडवी, पंतोजीचे घर. छापील पुस्तक नाही. धूळपाटी, बाराखडी, पाढे, उजळणी, मोडी पत्रलेखन. थोरली मुले धाकट्यांना शिकवत. पंतोजीला धान्य, सणावाराला काही, महिन्याला थोडे पैसे.

याच सरकारच्या कौन्सिलातला प्रेंडरगास्ट नावाचा सभासद १८२१ मध्ये लिहून गेला होता की आपल्या मुलखात लहानमोठे एकही गाव असे क्वचितच असेल की जिथे शाळा नाही. त्याचे म्हणणे आणि कलेक्टरांचे तक्ते यांचा मेळ बसत नाही. एकाच दशकातली, एकाच सरकारची दोन विधाने. भांडण इथून सुरू होते.

•

भांडण पेटले मात्र लंडनमध्ये. २० ऑक्टोबर १९३१ रोजी गांधीजी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्समध्ये बोलले आणि म्हणाले की आजचा हिंदुस्थान पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीपेक्षा अधिक निरक्षर आहे. समोर शिक्षणतज्ज्ञ सर फिलिप हारटॉग होते. त्यांनी पुरावा मागितला. पत्रापत्री बरीच वर्षे चालली. अखेर हारटॉग यांनी १९३९ मध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली.

परुळेकरांचे ‘लिटरसी इन इंडिया’ हेही १९३९ चेच. त्यांनी ना गांधीजींची वकिली केली ना हारटॉग यांची री ओढली. त्यांचा मुद्दा साधा आणि शिक्षणखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाच सुचेल असा होता : घरी शिकणारी मुले कुणी मोजली? बंगालमध्ये विल्यम ॲडमने १८३५ च्या सुमारास नाटोर भागातली ४८५ गावे जवळजवळ घरोघर पाहिली. शाळा सापडल्या २७, त्यांत मुले २६२. पण १,५८८ कुटुंबांत मुलांना घरीच शिकवले जात होते, आणि अशी मुले होती २,३८२. शाळेतल्या मुलांच्या नऊ पट. मुंबई इलाख्याच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

कोकणापुरते हे मला फार पटते. इथे गाव म्हणजे पाच-सात वाड्या. मधे डोंगर, पऱ्या, बांध. पावसाळ्यात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जाणे म्हणजे साकवावरचा प्रवास. ब्राह्मणाच्या घरी, कुळकर्ण्याच्या घरी पोरगा आजोबांसमोर बसून अक्षर गिरवणार. खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात मशिदीपाशी कुराण वाचायला शिकणार. कंपनी सरकारच्या कारकुनाला यातले काय दिसणार?

पण हेही लिहून ठेवायला हवे : घरी शिकवले जाणारे घर कोणाचे? ज्या घरात आधीच कुणाला वाचता येत होते त्याचे. परुळेकरांच्या दुरुस्तीने साक्षरांची संख्या वाढते. अक्षराबाहेर ठेवलेल्यांची वस्ती तिथेच राहते.

•

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. म्हणजे दोन पाहण्यांच्या मधले. वाचनालय निघाले तेव्हा जिल्ह्यात वाचणारे किती होते हा प्रश्न आपण वर्धापनदिनी विचारत नाही. तो विचारला तर वाचनालयाचे मोल कमी होत नाही, वाढतेच.

•

आपला जिल्हा रत्नांची खाण म्हणून मिरवतो. टिळकांचा जन्म इथला. गोखले गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. कर्वे मुरुडचे. रँग्लर परांजपे मुर्डीचे. पां. वा. काणे चिपळूणकडचे, रत्नागिरीच्या हायस्कुलात शिक्षकही होते. बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगडातले आंबडवे. साने गुरुजी पालगडचे. सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचा जिल्हा धरला तर बाळशास्त्री जांभेकरांचे पोंभुर्लेही आपलेच.

ही यादी मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मला तिचा अभिमान आहे. पण शिक्षणाचा इतिहास या यादीने लिहिला जात नाही. प्रत्येक नावाला एकच प्रश्न लावून पाहावा : याच्या गावात याच्याबरोबर वाढलेली बाकीची मुले कुठे गेली?

•

कर्व्यांनी स्वतःच याचे थोडे उत्तर देऊन ठेवले आहे. त्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. एका परीक्षेसाठी मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत जाणे, आणि तिथे वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेलाच न बसवणे. ही गोष्ट आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. मला ती जिल्ह्याच्या शिक्षणव्यवस्थेचा दस्तऐवज वाटते. समुद्राकाठच्या एका हुशार मुलाला पुढचे दार उघडायला घाट चढून परमुलखात जावे लागत होते. ज्याच्या पायात तेवढे बळ नव्हते, ज्याच्या घरात चार दिवसांची शिदोरी नव्हती, त्याचे आत्मवृत्त कोण लिहिणार?

पुढे कर्व्यांनी १८८६ मध्ये मुरुड फंड काढला. आपल्या मिळकतीतला वाटा गावासाठी बाजूला काढायचा, ही कल्पना. गावाबाहेर गेलेल्याने गावाला पैसे पाठवणे ही कोकणची रीतच, पण ती मनीऑर्डर घरापुरती असे. कर्व्यांनी ती गावापुरती केली. स्त्रीशिक्षणाच्या त्यांच्या मोठ्या कामापुढे हा फंड झाकला जातो, म्हणून इथे टिपून ठेवतो.

•

टिळकांचे वडील गंगाधरपंत हे शिक्षक. रत्नागिरीत शिकवत असत, आणि १८६६ मध्ये शाळाखात्यात बढती मिळून पुण्याला गेले. मराठीत गणिताची पुस्तके लिहिणाऱ्या त्या पहिल्या पिढीतले. त्यांच्यासारख्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ व्हावा. तुटपुंज्या पगारावर जन्म काढून ज्यांनी त्रिकोणमिती मराठीत आणली, ते लोक मुलाच्या चरित्रातल्या पहिल्या प्रकरणापुरते उरले आहेत.

आणि त्यांच्या मुलाबद्दलही सरळ बोलले पाहिजे. शिक्षणाच्या इतिहासकार परिमला राव यांनी टिळकांवरच्या आपल्या पुस्तकात हुजूरपागेच्या मुलींच्या अभ्यासक्रमावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केलेली टीका उलगडून दाखवली आहे. रत्नागिरीच्या माणसाला ती प्रकरणे वाचताना जड जाते. वाचावीतच. टिळक आळीतल्या घराबद्दलचा आदर आणि ही माहिती, दोन्ही एकाच मनात राहू शकतात.

•

गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक. १६ मार्च १९११ रोजी मांडले. तरतुदी किती सावध होत्या! सक्ती सगळ्या देशावर नाही. ज्या भागात आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत आहेत तिथेच, तीही नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवले तर. वय सहा ते दहा. आधी मुलगे. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. एवढे सौम्य विधेयक १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले.

गोखल्यांच्या अखेरच्या वर्षांतला हा पराभव मला काँग्रेसमधल्या कुठल्याही भांडणापेक्षा मोठा वाटतो. ब्रिटिश सरकारकडे एवढा पैसा नाही, हे एक कारण सांगितले गेले. पण मुलगा शेतावरून शाळेत गेला तर मजूर कोण, ही भीती आपल्याच जमीनदारांची होती. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती सुरू केली होती आणि १९०६ मध्ये ती राज्यभर नेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पाऊल उचलले. आंबा घाटाच्या पलीकडे जे होऊ शकले ते घाटाच्या अलीकडे, ब्रिटिश अमलात, झाले नाही. अंतर एका घाटाचे, राजा वेगळा.

•

आता जे. पी. नाईक. शिक्षणाचा इतिहासकार म्हटले की मराठी माणसाने पहिले नाव यांचे घ्यावे, आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत.

जन्म ५ सप्टेंबर १९०७, आजरा तालुक्यातले बहिरेवाडी. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. सविनय कायदेभंगाच्या धामधुमीत घेतलेले दुसरे नाव आयुष्यभर चिकटले. बेल्लारीच्या तुरुंगात रुग्णांची सेवा करता करता वैद्यक शिकले. सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरीत खेड्यात राहून काम केले. मग कोल्हापूर संस्थानाच्या कारभारात. आणि या सगळ्यात, १९४३ मध्ये, सय्यद नुरुल्ला यांच्यासह ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास. १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत तो ग्रंथ चांगलाच वाढला होता. पुढे कित्येक पिढ्यांच्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी त्याच्या संक्षेपावर परीक्षा दिल्या.

त्या ग्रंथात बोर्ड ऑफ एज्युकेशनमधला वाद मी पुन्हा पुन्हा वाचतो. १८४० नंतरचे मुंबई. अध्यक्ष अर्स्किन पेरी म्हणतात इंग्रजी. कर्नल जर्व्हिस म्हणतात लोकांना लोकांच्या भाषेत शिकवा, आणि त्यांच्या बाजूला जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा. कोकणी मुसलमान, पारशी, दैवज्ञ सोनार आणि एक इंग्रज लष्करी अधिकारी मराठी-गुजराती शाळांसाठी एकत्र उभे राहतात. माध्यमाचा वाद घालणाऱ्या आजच्या प्रत्येकाने ही बैठक एकदा तरी डोळ्यांसमोर आणावी.

ग्रंथाबद्दल माझी एक तक्रारही आहे. त्यात खलिते, कमिशने, ठराव यांची गर्दी आहे. मुले कमी दिसतात. लेखकांनी सरकारी कागदावर इतिहास उभा केला आणि सरकारी कागदात मूल आकडा होऊन येते.

•

नाईकांनीच त्या तक्रारीला पुढे उत्तर दिले, पण पुस्तकाने नव्हे, कामाने. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था निघाली, तिच्यात परुळेकर आणि नाईक दोघेही. गारगोटीला मौनी विद्यापीठ. १९५९ पासून दिल्लीत शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार, पगार महिना एक रुपया. १९६४ ते १९६६ कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर, गरीब-श्रीमंतांची मुले एकाच परिसरशाळेत, शेजारच्या शाळांचा समूह करून साधने वाटून घेणे, हे सगळे त्या अहवालातले. नंतर भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचे सदस्य-सचिव. १९७६ मध्ये भारतीय शिक्षण संस्था पुण्याला नेली. पद्मभूषण १९७४. मृत्यू ३० ऑगस्ट १९८१. सहचारिणी चित्राताई नाईक यांचे काम तर स्वतंत्र वहीचा विषय.

पदांची यादी इथे थांबवतो. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली, ती लिहायची आहे.

•

१९५३ मध्ये नाईकांनी एकशिक्षकी शाळेवर एक पुस्तिका लिहिली. तेव्हा सुशिक्षितांचे मत असे की एक मास्तर चार वर्ग सांभाळतो ही शाळाच नव्हे, नाइलाजाने चालवलेली सोय. नाईकांनी ती नाइलाज म्हणून पाहिली नाही. विरळ वस्तीच्या देशात ती राहणारच, तर तिचे वेळापत्रक कसे लावायचे, थोरल्या मुलांची मदत कशी घ्यायची, या मास्तरला वेगळे प्रशिक्षण काय द्यायचे, हे त्यांनी विचारले.

हे धैर्य त्यांना इतिहासातून आले असे मला वाटते. १८२४ च्या तक्त्यांतल्या बहुतेक सगळ्या शाळा एकशिक्षकीच होत्या, आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवतच होती. ज्या व्यवस्थेला खात्याने मागास म्हणून पुसून टाकले, तिच्यातले काय कामाचे होते हे नाईकांनी पाहून ठेवले होते. परुळेकरांचेही तसेच. १९२९ मध्ये याच हारटॉग यांच्या समितीने सांगितले की गळती आणि स्थगिती फार आहे, तेव्हा आधी असलेल्या शाळा सुधारा, विस्तार नंतर. परुळेकरांनी तिचा हिशेब तपासला आणि उलट मांडले : ज्या देशात बहुसंख्य मुले शाळेच्या दारापर्यंतच आलेली नाहीत, तिथे दर्जाच्या नावाखाली दार अरुंद करू नका.

नाईकांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींवर एकत्र पुस्तक लिहिले. परुळेकरांशी सुरू झालेला संवाद तोवर चालूच होता.

•

लांजा, संगमेश्वर, मंडणगड. वाडीवरची आजची शाळा, पट आठ. दोन शिक्षक, त्यांतला एक घाटापलीकडच्या दूरच्या जिल्ह्यातला आणि बदलीच्या अर्जावर डोळे लावून बसलेला. पट कमी म्हणून शाळा शेजारच्या गावात मिसळायची चर्चा दर काही वर्षांनी उठते. शहरातले लोक म्हणतात, आठ मुलांसाठी दोन पगार?

२०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत, म्हणजे पुरुष मुंबईला आहेत. साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे. आठ मुलांच्या मागे हे सगळे उभे आहे. बाप नालासोपाऱ्याला, आई-आजी गावात, आणि शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे म्हणूनच मूल गावात. शाळा तीन किलोमीटरवर गेली की आधी मुलगी घरी बसते किंवा सगळे कुटुंब मुंबईच्या चाळीत जाते. मग पट शून्य होतो आणि निर्णय बरोबर होता असे कागदावर सिद्ध होते. नाईकांची पुस्तिका जिल्हा परिषदेच्या प्रत्येक सभासदाने वाचावी असे मला मनापासून वाटते.

•

दापोली. पलटणीतून पेन्शनीत आलेले महार सैनिक इथे वसले. त्यांच्यातल्याच गोपाळबाबा वलंगकरांनी इथूनच लेखणी चालवली. १८९२ च्या सुमारास या पेन्शनरांनी आपल्या मुलांना म्युनिसिपल शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला. कायद्याने दार उघडे होते : १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, प्रकरण लंडनपर्यंत गेले, आणि सरकारी शाळा सर्वांना खुल्या हे तत्त्व कागदावर आले. दापोलीत ते कागदावरचे तत्त्व शाळेच्या ओटीवर येऊन थांबले. मुले आली, पण बसायला ओटी.

या मुलांची नावे पटावर असतील. हजेरीही लागली असेल. तक्त्यात ती ‘शाळेत जाणारी’ म्हणून मोजली गेली. नसलेल्यांना मोजणे अवघड, आणि असूनही बाहेर बसवलेल्यांना मोजणे त्याहून अवघड. रत्नागिरीत मुलांना सरमिसळ बसवण्याची चळवळ १९२५ नंतर सावरकरांना चालवावी लागली, यावरून त्या ओटीचे आयुष्य किती लांब होते ते कळते.

•

अलीकडे जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांना पुन्हा मान आला आहे. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ लिहिले आहे का, हे पाहायला लोक येतात. पाने मोडीत असली तर मोडी वाचणारा शोधतात. मुख्याध्यापकांच्या कपाटातून कसर लागलेली बाडे बाहेर निघतात, एक ओळ सापडते, नक्कल मिळते, बाड परत कपाटात.

त्या ओळीच्या उजव्या बाजूला शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. ‘मुंबईस गेला.’ ‘गैरहजर, नाव कमी.’ ‘मयत.’ मुलींच्या बाबतीत ‘लग्न’. हा रकाना कुणालाच नको असतो. गिरणीच्या चिमण्या किती कोकणी पोरांच्या चौथी-पाचवीवर पेटल्या, प्लेगच्या वर्षात कुठल्या वाडीचा वर्ग रिकामा झाला, मुली कोणत्या इयत्तेत थांबत, याचा पुरावा याच रकान्यात आहे. खलित्यांत आणि कमिशनांत तो नाही. नुरुल्ला-नाईकांच्या ग्रंथात जी मुले दिसत नाहीत ती इथे आहेत, नावासकट.

•

करण्याचे काम. ज्या शाळा बंद झाल्या किंवा दुसरीत मिसळल्या त्यांची रजिस्टरे आधी. चालू शाळेचे बाड निदान कपाटात असते. बंद शाळेचे केंद्रशाळेच्या माळ्यावर जाते आणि तिथे पावसाचे पाणी येते. फोटो काढताना डावीकडची नावे-जाती आणि उजवीकडचे शेरे, दोन्ही पाने पूर्ण यावीत. नुसती दाखल्यापुरती ओळ नको. मोडी वर्गातल्या मुलामुलींना घ्यावे, त्यांना सरावही होईल. नावे जपून ठेवावीत, छापताना फक्त इयत्ता, वर्ष, वाडी आणि कारण एवढेच द्यावे. मेअखेर मंडणगड आणि दापोली आटोपले तर बरे. जूनमध्ये माळे गळायला लागतात.